८५ वर अडकलेला आकडा: पल्स ऑक्सिमीटर आणि मेथेमोग्लोबिनेमियाची दुर्मिळ केस

बायोमेडिकल इन्स्ट्रुमेंटेशनच्या अभ्यासक्रमात पल्स ऑक्सिमीटरला बहुधा एक तास मिळतो. दोन एलईडी, एक फोटोडायोड, बीअर-लँबर्टचा नियम, ब्लॉक डायग्राम, झाले. परीक्षेत तेवढे पुरते. पण हे यंत्र कोणत्या गृहीतकांवर उभे आहे हे समजायचे असेल, तर ते जिथे फसते ती जागा पाहावी लागते. रुग्णालयात क्वचित येणाऱ्या एका आजारात ते असे फसते की आकडा ८५ च्या आसपास येऊन थांबतो आणि काही केल्या हलत नाही. ८५ च का? ८० का नाही, ९० का नाही? याचे उत्तर तुम्ही बारावीच्या गणितावर काढू शकता, आणि आजच्या पाठात ते आपण काढणार आहोत.

या पाठासाठी वैद्यकाची पार्श्वभूमी लागणार नाही. अवशोषणाचा घातांकी नियम आणि दोन अज्ञातांची समीकरणे एवढे आठवत असले म्हणजे झाले.

केस

खालची केस कोणा एका व्यक्तीची नाही. भारतातल्या रुग्णालयांतून अशा विषबाधांचे जे प्रकार नोंदले गेले आहेत, त्यांच्यावरून जुळवलेला हा नमुना आहे.

पंचविशीतला एक शेतकरी. सकाळपासून मिरचीवर फवारणी करत होता. पाठीवरचा पंप गळत होता, शर्ट पाठीला चिकटला होता, पण उरलेल्या दोन ओळी संपवून मगच घरी जायचे म्हणून तो थांबला नाही. पंपात कीटकनाशक नव्हते, फुलधारणेसाठी मारतात ते ‘टॉनिक’ होते. अशा काही टॉनिकांत नायट्रोबेंझिन असते आणि ते कातडीतून सहज आत शिरते. दुपारी डोके दुखू लागले, चक्कर आली, धाप लागली. संध्याकाळी जिल्हा रुग्णालयात आणले तेव्हा ओठ आणि नखे पाटीच्या रंगाची झाली होती.

बोटाला ऑक्सिमीटर लावला: ८५ टक्के. ऑक्सिजनचा मास्क लावला: ८५. प्रवाह वाढवला: ८५. छाती स्टेथोस्कोपने ऐकली तर स्वच्छ, एक्स-रेही स्वच्छ. धमनीतले रक्त काढून तपासणीला पाठवले. रक्तवायू विश्लेषकाने सांगितले की रक्तातला ऑक्सिजनचा दाब ३०० मिलिमीटर पारा आहे, म्हणजे निरोगी माणसाच्या नेहमीच्या दाबाच्या तिप्पट, आणि सॅच्युरेशन १०० टक्के.

एकच रुग्ण, एकच वेळ. एक यंत्र म्हणते ८५, दुसरे म्हणते १००, आणि रुग्ण डोळ्यांदेखत निळा पडतो आहे. सिरिंजमधले रक्त मात्र लाल नव्हते. ते काताच्या रंगाचे होते.

आपल्या भाषेत मांडायचे तर इथे एका प्रणालीला स्टेप इनपुट दिला आणि आउटपुट हललेच नाही. अशा वेळी कंट्रोल सिस्टिम्सचा विद्यार्थी दोन शक्यता धरतो: प्लांटमध्ये काही वेगळे घडते आहे किंवा सेन्सर भलतेच काही मोजतो आहे. या रुग्णात दोन्ही एकदम खरे होते.

दोन समीकरणे, दोन अज्ञात

आधी यंत्र पाहू. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून असले की भडक लाल दिसते, ऑक्सिजन सोडला की गडद, जांभळट लाल. म्हणजे दोघांचे प्रकाश शोषण्याचे प्रमाण तरंगलांबीनुसार वेगळे आहे. लाल प्रकाशात, ६६० नॅनोमीटरला, ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन हे ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनच्या सुमारे दहापट प्रकाश शोषते. अवरक्त भागात, ९४० नॅनोमीटरला, क्रम उलटतो. तिथे ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन थोडे जास्त शोषते. दोन्ही वक्र मध्ये ८०० च्या आसपास एकमेकांना छेदतात. छेदबिंदूच्या दोन बाजूंना एकेक तरंगलांबी घेतली की दोन अज्ञातांसाठी दोन स्वतंत्र समीकरणे मिळतात.

पण बोटात फक्त रक्त नसते. कातडी, हाड, स्नायू, शिरांमधले रक्त, सगळेच प्रकाश शोषते, आणि ते किती हे माणसागणिक बदलते. ही अडचण सोडवली ती जपानच्या निहोन कोहदेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांनी, १९७४ मध्ये. गंमत अशी की ते ऑक्सिजन मोजायला निघालेच नव्हते. हृदय दर मिनिटाला किती रक्त फेकते हे रंगद्रव्य टोचून, कानातून प्रकाश पाठवून मोजायचे होते, आणि नाडीचे ठोके त्या आलेखात गोंधळ घालत होते. तो गोंधळ दोन तरंगलांबींच्या गुणोत्तराने काढून टाकता येतो का, हे पाहताना त्यांच्या लक्षात आले की सॅच्युरेशन बदलले की हा हिशेब बिघडतो. मग त्यांनी प्रश्नच उलटा केला. जो गोंधळ काढून टाकायचा होता, त्यातूनच सॅच्युरेशन मोजले. नाडीबरोबर बदलणारा भाग फक्त धमनीतल्या रक्ताचा असतो, बाकी सगळे स्थिर. सिग्नल प्रोसेसिंगच्या वर्गात ‘नॉइज’ची व्याख्या सांगताना मी हे उदाहरण हमखास देतो.

बदलता भाग अगदी लहान असतो, बोटातून पार होणाऱ्या एकूण प्रकाशाच्या एक-दोन टक्के. म्हणून एलईडी आळीपाळीने लावतात: लाल, मग अवरक्त, मग दोन्ही बंद. दोन्ही बंद असतानाचे मोजमाप खोलीतल्या दिव्याचे, ते वजा करायचे. मग प्रत्येक तरंगलांबीला बदलत्या भागाला स्थिर भागाने भागायचे. त्यामुळे एलईडीची तीव्रता, बोटाची जाडी असल्या गोष्टी बऱ्याच अंशी छेदल्या जातात. शेवटी या दोन भागाकारांचे गुणोत्तर घ्यायचे, लालचा भागाकार वर, अवरक्तचा खाली. याला आपण ‘आर’ म्हणू.

यंत्राला सॅच्युरेशन कधीच दिसत नाही. त्याला फक्त आर दिसतो.

आरपासून टक्क्यांपर्यंत

आता आरवरून टक्के काढायचे. बीअर-लँबर्टच्या नियमाने थेट काढून पाहू. शोषणाचे गुणांक पूर्णांकांत असे घ्या: ६६० ला ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनचा ३२०, ऑक्सिजनरहिताचा ३२२७, ९४० ला अनुक्रमे १२१४ आणि ६९३. सॅच्युरेशन ‘स’ मानले (० ते १), तर

लाल शोषण = ३२० स + ३२२७ (१ − स)

अवरक्त शोषण = १२१४ स + ६९३ (१ − स)

आर म्हणजे पहिल्याला दुसऱ्याने भागून येणारी संख्या. आर १ असताना स किती? दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या की ३२२७ − २९०७ स = ६९३ + ५२१ स, म्हणून स = २५३४ ÷ ३४२८, म्हणजे सुमारे ०.७४.

सिद्धांत म्हणतो ७४ टक्के. प्रत्यक्ष यंत्रे मात्र आर १ असताना ८५ टक्के दाखवतात. हा अकरा टक्क्यांचा फरक का? कारण बीअर-लँबर्टचा नियम स्वच्छ, विखुरण न करणाऱ्या द्रावणासाठी आहे. रक्त म्हणजे पेशींची दाटी. त्यात प्रकाश सरळ जात नाही, वेडावाकडा आपटत जातो, आणि दोन तरंगलांबींना तो सारखा आपटत नाही. नियमातली ‘मार्गाची लांबी’ दोघांसाठी एकच राहत नाही. म्हणून निर्मात्यांनी सूत्राचा नाद सोडला आणि कॅलिब्रेशनचा रस्ता धरला. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा श्वासात देऊन त्यांचे सॅच्युरेशन टप्प्याटप्प्याने सुमारे ७० टक्क्यांपर्यंत खाली आणायचे, प्रत्येक टप्प्यावर धमनीतले रक्त काढून प्रयोगशाळेत खरे मूल्य मोजायचे, शेजारी त्या क्षणाचा आर लिहायचा. त्यातून तयार झालेला तक्ता यंत्राच्या मेमरीत बसतो. ७० च्या खाली स्वयंसेवकांना नेणे सुरक्षित नाही, म्हणून त्याखालचे आकडे अंदाजाने पुढे ओढलेले असतात. पडद्यावर ५८ दिसले तर तो आकडा ‘फार कमी’ एवढेच सांगतो.

तक्त्याचा वरचा भाग जवळजवळ सरळ रेषेत आहे. पाठ्यपुस्तकांत तो असा देतात:

सॅच्युरेशन = ११० − २५ × आर

आर ०.४ असेल तर १००. आर १ असेल तर ८५. हे दोन आकडे लक्षात ठेवा.

स्वयंसेवक ‘निरोगी’ होते, हा शब्दही लक्षात ठेवा. निरोगी माणसाच्या रक्तात हिमोग्लोबिनच्या दोनच जाती दखल घेण्याजोग्या प्रमाणात असतात. तक्ता त्या दोन जातींपुरताच खरा आहे.

लोहाचा एक इलेक्ट्रॉन

हिमोग्लोबिनच्या केंद्रात लोह असते, फेरस अवस्थेत, म्हणजे दोन धनप्रभार असलेले. ऑक्सिजन त्यालाच धरतो. या लोहाचा आणखी एक इलेक्ट्रॉन निघून गेला की ते फेरिक होते, आणि फेरिक लोह ऑक्सिजन धरू शकत नाही. अशा हिमोग्लोबिनला मेथेमोग्लोबिन म्हणतात. हे आपल्या सगळ्यांच्या शरीरात सतत होत असते. पण तांबड्या पेशीतले एक एन्झाइम, सायटोक्रोम बी-५ रिडक्टेज, इलेक्ट्रॉन परत देत राहते, म्हणून मेथेमोग्लोबिनचे प्रमाण एक टक्क्याच्या आत राहते. ऑक्सिडीकरण करणारे एखादे रसायन मोठ्या प्रमाणात आत गेले की दुरुस्तीचा वेग कमी पडतो.

नुकसान दुहेरी आहे. ज्या लोहाचा इलेक्ट्रॉन गेला ते कामातून गेले, आणि त्याच रेणूतली शेजारची शाबूत लोहकेंद्रे ऑक्सिजनला नेहमीपेक्षा घट्ट धरून बसतात, ऊतींना सोडत नाहीत. म्हणून ४० टक्के मेथेमोग्लोबिन असणे हे ४० टक्के हिमोग्लोबिन कमी असण्यापेक्षा वाईट. साधारणपणे दहा टक्क्यांच्या पुढे त्वचा निळसर-राखाडी दिसू लागते, २० ते ३० च्या पुढे डोकेदुखी, धाप, थकवा, ५० च्या पुढे झटके, बेशुद्धी, हृदयाची लय बिघडणे, आणि ७० च्या पुढे बहुधा मृत्यू.

मेथेमोग्लोबिनचा रंग तपकिरी. सिरिंजमधला काताचा रंग त्याचाच. आता प्रकाशाच्या दृष्टीने पाहा: मेथेमोग्लोबिन ६६० आणि ९४० या दोन्ही तरंगलांबींना भरपूर, आणि जवळजवळ सारखेच शोषते.

म्हणजे आरच्या अपूर्णांकात अंश आणि छेद या दोन्हींत साधारण एकच मोठी संख्या मिळवली जाते. करून पाहा. निरोगी रक्तासाठी आर ३ ÷ ७ समजा, म्हणजे ०.४३, सॅच्युरेशन ९९. दोन्हीकडे २० मिळवा: २३ ÷ २७ = ०.८५, आकडा ८९. दोन्हीकडे ६० मिळवा: ६३ ÷ ६७ = ०.९४, आकडा ८६. आता ज्याचे सॅच्युरेशन खरोखर फार खाली आहे अशा रुग्णाचा आर १४ ÷ ७ म्हणजे २ समजा आणि तेच करा: ३४ ÷ २७ = १.२६, मग ७४ ÷ ६७ = १.१०. वरून या किंवा खालून या, आर १ कडेच सरकतो. आणि आर १ म्हणजे तक्त्यात ८५.

८५ ला शरीरशास्त्रात काही विशेष अर्थ नाही. तो कॅलिब्रेशनच्या रेषेवरचा एक बिंदू आहे, एवढेच. १९८९ मध्ये बार्कर आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हे दाखवले: मेथेमोग्लोबिन वाढत गेले तसा ऑक्सिमीटरचा आकडा उतरत गेला आणि मेथेमोग्लोबिन ३० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर ८५ च्या आसपास सपाट झाला.

शेतकऱ्याला मास्कने ऑक्सिजन दिल्यावर आकडा का हलला नाही हे आता दिसेल. आणि अधिक धोक्याची बाब ही की तो आकडा खरी परिस्थितीही सांगत नव्हता. त्याचे मेथेमोग्लोबिन ४२ टक्के होते, म्हणजे ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिन ६० टक्क्यांच्याही खाली. ८५ पाहून ‘कमी आहे, पण तग धरेल’ असे वाटते. उद्या प्रमाण ५५ वर गेले असते तरी पडद्यावर तोच आकडा दिसला असता.

रक्तवायू विश्लेषकाने १०० कसे सांगितले

हे यंत्र इलेक्ट्रोडने ऑक्सिजनचा आंशिक दाब मोजते, म्हणजे रक्ताच्या पाण्यात किती ऑक्सिजन विरघळला आहे ते. तो ३०० होता आणि ते मोजमाप खरे होते, फुप्फुसे उत्तम काम करत होती. सॅच्युरेशन मात्र असे साधे यंत्र मोजत नाही, दाबावरून काढते, ‘हिमोग्लोबिन नेहमीसारखे आहे’ असे धरून. छापील कागदावर मोजलेला आणि काढलेला आकडा शेजारी शेजारी, एकाच टाइपात येतात. अहवालाच्या मांडणीतला हा दोष मला नेहमी खटकतो.

विरघळलेला ऑक्सिजन किती पुरतो? दर १०० मिलिलिटर रक्तात, दर मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला ०.००३ मिलिलिटर. ३०० ला झाला ०.९ मिलिलिटर. उलट १५ ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरले तर ग्रॅममागे १.३४ या दराने सुमारे २० मिलिलिटर वाहते. त्यातले ५६ टक्केच कामाचे उरले तर ११ च्या आसपास. मास्कने वाढवलेला दाब ही तूट भरू शकत नाही.

ऑक्सिजन देऊनही आकडा न हलण्याची आणखी एक स्थिती असते. हृदयाच्या काही जन्मजात दोषांत अशुद्ध रक्त फुप्फुसाला वळसा घालून पुढे जाते. पण तिथे धमनीतला ऑक्सिजनचा दाबही कमीच राहतो. दाब चांगला, बोटावरचा आकडा कमी, अशी जोडी दिसली की संशय हिमोग्लोबिनवर जातो. डॉक्टर याला सॅच्युरेशनची दरी म्हणतात, आणि दरी पाच टक्क्यांहून जास्त असली तर कारण शोधायचे. दोन्ही यंत्रे आपापल्या गृहीतकात अडकलेली, पण गृहीतके वेगवेगळी असल्यामुळे त्यांच्यातला फरकच निदान सांगून जातो.

खात्रीसाठी को-ऑक्सिमीटर लागतो. तो रक्ताचा नमुना अनेक तरंगलांबींनी तपासतो. हिमोग्लोबिनच्या चार जाती असतील तर निदान चार तरंगलांबी हव्यात, आजची यंत्रे याहून खूप जास्त वापरतात. अज्ञात चार आणि समीकरणे दोन असली की उत्तर एकमेव राहत नाही, हे तुम्ही मॅट्रिक्सच्या प्रकरणात शिकलाच आहात. को-ऑक्सिमीटर सगळ्या जिल्हा रुग्णालयांत नसतो. मग एक जुनी, बिनखर्चाची युक्ती आहे: रक्ताचा थेंब पांढऱ्या टीपकागदावर टाका, शेजारी निरोगी माणसाच्या रक्ताचा एक थेंब टाका, आणि हवेत राहू द्या. नुसता ऑक्सिजन कमी असलेले रक्त हवा लागून लाल होते. मेथेमोग्लोबिनचा डाग तपकिरीच राहतो.

निळ्याला निळा उतारा

उपचार दोन पातळ्यांवर. आधी कपडे काढून अंग साबणपाण्याने स्वच्छ धुणे, कारण भिजलेला शर्ट म्हणजे चालू राहिलेला डोस. मग शिरेतून मेथिलिन ब्लू, दर किलो वजनाला १ ते २ मिलिग्रॅम, सुमारे पाच मिनिटांत सावकाश. प्रयोगशाळेत स्लाइड रंगवायला वापरतात तेच रंगद्रव्य, मात्र इंजेक्शनसाठी शुद्ध केलेले. तांबड्या पेशीतले एक राखीव एन्झाइम त्याला इलेक्ट्रॉन देते, ते रंगहीन होते आणि तोच इलेक्ट्रॉन लोहाला नेऊन देते. इलेक्ट्रॉनची ने-आण करणारा हमाल म्हणा. बहुतेक रुग्णांचा रंग तासाभरात पालटतो.

पण इथे ऑक्सिमीटर तिसऱ्यांदा फसतो. मेथिलिन ब्लू सर्वांत जास्त प्रकाश शोषते ते ६६८ नॅनोमीटरला, आपल्या लाल एलईडीच्या अगदी शेजारी. औषध शिरेत जाताच लाल शोषण वाढते, आर वाढतो, आणि आकडा ८५ वरून आणखी खाली कोसळतो, नेमका रुग्ण सुधारू लागतो तेव्हा. हे ठाऊक नसलेल्या माणसाचा हात तिथेच थांबेल. काही मिनिटांत आकडा परत वर येतो.

या औषधाच्या मर्यादाही आहेत. राखीव एन्झाइमला लागणारा कच्चा माल जी-६-पीडी या दुसऱ्या एन्झाइमच्या वाटेने येतो. ज्यांच्यात ते जन्मतःच कमी असते (भारतात काही समाजगटांत हे प्रमाण दखल घेण्याजोगे आहे) त्यांना मेथिलिन ब्लूचा उपयोग होत नाही, उलट तांबड्या पेशी फुटू शकतात. तिथे जीवनसत्त्व क आणि प्रसंगी रक्त बदलणे हे पर्याय. नैराश्यावरची काही औषधे चालू असतानाही ते धोक्याचे ठरते. शिवाय नायट्रोबेंझिन चरबीत साठते आणि हळूहळू परत रक्तात येते, म्हणून सकाळी गुलाबी झालेला रुग्ण रात्री पुन्हा निळा पडू शकतो. त्याला लगेच घरी सोडत नाहीत.

केस दुर्मिळ असली तरी कारणे परकी नाहीत. कुष्ठरोगाच्या उपचारातली डॅप्सोनची गोळी लहान मुलाने चुकून खाल्ली तर हेच होते. घसा बधिर करण्याचा बेंझोकेनचा फवारा, अ‍ॅनिलिनची रंगद्रव्ये, आणि तान्ह्या बाळांच्या बाबतीत विहिरीचे पाणी. खत आणि सांडपाणी मुरून पाण्यात नायट्रेट वाढते. बाळाच्या पेशीत पहिले काही महिने दुरुस्तीचे एन्झाइम कमी असते, म्हणून वरच्या दुधात असे पाणी वापरले की बाळ निळे पडते. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी हा संबंध दाखवला. आपल्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटला लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती मुख्यतः या बाळांसाठी. त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये एकाच खानावळीत न्याहारी केलेले अकरा पुरुष निळे होऊन रुग्णालयात आले आणि एक दगावला. मिठाऐवजी सोडियम नायट्राइट वापरले गेले होते. ते शोधून काढले आरोग्य खात्याच्या माणसांनी, मीठदाणीपर्यंत माग काढत. तेव्हा पल्स ऑक्सिमीटर नव्हता. डोळ्यांना दिसणारा निळा रंगच पुरावा होता.

उलट बाजूने तीच चूक

याच गृहीतकाची दुसरी चूक जास्त वेळा भेटते आणि ती अधिक घातक आहे, कारण तिथे आकडा चांगला दिसतो. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू, खिडकी बंद, आत गेलेली व्यक्ती बेशुद्ध सापडते. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. हे जे हिमोग्लोबिन तयार होते ते ६६० ला जवळजवळ ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनसारखेच शोषते, आणि ९४० ला नगण्य. यंत्र त्याला ऑक्सिजनयुक्त समजते. बार्कर आणि ट्रेंपर यांच्या १९८७ च्या प्रयोगात कुत्र्यांचे ७० टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले असताना ऑक्सिमीटर ९० च्या आसपास दाखवत होता. मध्यम विषबाधेत ९८ दिसणे अगदी शक्य.

म्हणून गीझर, शेगडी, बंद खोलीतला जनरेटर यांपैकी काही प्रसंगात असेल, तर बोटावरचा आकडा कितीही चांगला असो, त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यायचेच. उपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. करोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले हे चांगलेच झाले, पण ९८ म्हणजे सगळे ठीक, ही समजूतही त्यांच्याबरोबर घरोघरी आली.

कॅलिब्रेशनचा आणखी एक परिणाम २०२० मध्ये नीट पुढे आला. अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की ऑक्सिमीटर ठीक दाखवत असताना रक्तात मात्र ऑक्सिजन कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट होते. भागाकाराने कातडीचा रंग छेदला जातो असे आपण वर म्हटले, ते ‘बऱ्याच अंशी’ का म्हटले ते इथे कळेल. ज्यांच्यावर तक्ता बनला ती माणसे कोणत्या वर्णाची होती, हा प्रश्न आपल्या देशातल्या यंत्रांबाबत विचारायलाच हवा.

स्वाध्याय

१. वरचे चार गुणांक वापरून स = १ असताना आर काढा. तो ०.४ पेक्षा कमी येईल. तो ११० − २५ × आर या सूत्रात घातला तर काय अडचण येते?

२. एका रुग्णाचा आर ३ ÷ ७ आहे. मेथेमोग्लोबिनमुळे अंशात ६० आणि छेदात ५० मिळवले गेले, म्हणजे दोन्ही शोषणे तंतोतंत सारखी नाहीत, तर आकडा किती दिसेल? यावरून प्रत्यक्ष रुग्णात ८५ ऐवजी ८२ किंवा ८८ का दिसू शकेल ते सांगा.

३. कार्बन मोनॉक्साइडयुक्त हिमोग्लोबिनसाठी ६६० चा गुणांक ३२० आणि ९४० चा शून्य धरा. ७० टक्के हे आणि ३० टक्के ऑक्सिजनयुक्त अशा मिश्रणाचा आर काढा. उत्तर १ च्या जरा खाली येईल आणि सूत्राने आकडा ८८ मिळेल. बार्कर-ट्रेंपर यांच्या निरीक्षणाशी ताडून पाहा.

४. तुम्हाला तिसरा एलईडी बसवायची मुभा आहे. मेथेमोग्लोबिन वेगळे ओळखायला त्याची तरंगलांबी निवडताना कोणते निकष लावाल? शोषणातला फरक, ऊतींतून प्रकाश पार जाण्याचे प्रमाण आणि बाजारात तसा एलईडी मिळणे, या तिन्हींचा विचार करा.